कटकट नसलेली खिडकी

जपानमधल्या त्या वाहनचालक परवाना कार्यालयात चार खिडक्या होत्या. तीन खिडक्यांपुढे मिळून एकोणचाळीस माणसं उभी होती, चौथीपुढे कोणीच नव्हतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे ओगुशी-सान तिन्ही रांगा उभ्याने संपवून आले, तेव्हा तिसऱ्या खिडकीतली मुलगी म्हणाली, "आजोबा, नूतनीकरणाआधी तुमच्या वयाला स्मरणशक्तीची चाचणी लागते. पहिली मोकळी तारीख पुढच्या महिन्यातली एकवीस."

"आणि परवाना संपतोय या शुक्रवारी! सोमवारी सकाळी मला गाडी काढायचीय. दोन महिने फोन लावतोय, उचलतंय कोण? एकवीसपर्यंत मी इथे कशाला आलो होतो तेच विसरेन."

मागे कुणीतरी हसलं. मुलगी ओशाळली, मग चौथ्या खिडकीकडे हात करत म्हणाली, "त्यापेक्षा परवाना परतच करून टाका ना. पाच मिनिटांचं काम, चाचणी नाही, कटकट नाही. वर तुमच्या गावच्या बसचा अर्ध्या तिकिटाचा पास मिळेल."

ओगुशी-सान तिच्याकडे बघतच राहिले. "आमच्या गावच्या बसचा?"

"हो! थेट दवाखान्यापर्यंत. तोही जन्मभर!"

पाय भरून आले होते आणि शुक्रवारनंतर परवाना तसाही बाद होणार होता. ते चौथ्या खिडकीकडे गेले. खरोखरच पाच मिनिटं लागली.

* * *

सोमवारी सकाळी गावच्या थांब्यावर सहा प्रवासी आणि बसचे एकमेव ड्रायव्हर ओगुशी-सान, असे सात जण उभे होते. पास सातही जणांकडे होता.