काळ्या पानातला भात

भगवंतरावांनी वाटी उचलली, उलटी करून बूड पाहिलं आणि नखाने टिचकी मारली.

"मेलामाइन," ते म्हणाले. "पण माल चांगला आहे. काठ पाह्य कसा गोल घेतला."

आदिलाबादच्या बसस्टँडमागे, मोबाइलच्या दुकानावरच्या मजल्यावर हे जपानी हॉटेल नुकतंच उघडलं होतं. छताला कागदी कंदील, कोपऱ्यात घरघरणारा कूलर. टेबलावर काळ्या पानात गुंडाळलेल्या भाताच्या चकत्या आल्या होत्या. मधोमध गाजर आणि काकडी.

"हे पान कायचं असते वं, मीने?"

"समुद्रातल्या शेवाळाचं, बाबा."

"अस्सं." त्यांनी एक चकती तोंडात टाकली, बराच वेळ चावली आणि वर ते ग्लासभर पाणी प्यायले. "एकदम अलग."

"घ्या नं अजून. तुमाले आवडते."

"तू घे. माह्याहून तुले जास्त आवडते."

"मी घेतलं, बाबा."

"बापाचं ऐकत जाय कधी."

शेवटी चकत्या दोघांत सारख्या वाटल्या गेल्या. हे दर रविवारचं होतं.

भगवंतरावांचं बाजारात भांड्यांचं दुकान. मीनल हैदराबादला शिकून परत आली आणि इथल्या कॉलेजच्या ग्रंथालयात लागली. येताना तिने पुस्तकांची खोकी आणली. त्यात चिनी, जपानी, कोरियन कादंबऱ्या बऱ्याच. भगवंतरावांनी आयुष्यात एकही कादंबरी वाचलेली नव्हती. एकदा तिच्या दाराशी उभं राहून त्यांनी विचारलं, "याच्यातले लोकं जेवतात का नाही?" मीनलने हसून त्यांना एक पान वाचून दाखवलं. त्यात एक म्हातारा पावसात बसून शेवयांचं गरम सूप पीत होता.

पुढच्याच रविवारी ते चप्पल घालून तयार. "चल, तुझ्या पुस्तकातलं जेवून येऊ."

सुरुवात चायनीजच्या गाडीपासून झाली. तिथल्या कढईवरच ते खूश झाले. "पुढच्या टायमाले माह्याकडून घे, किफायतीत देतो," असं त्यांनी आचाऱ्याला बजावलं. मग कलेक्टर ऑफिसच्या मागचं कोरियन. तिथला तिखट कोबी पाहून ते म्हणाले, "हे तर लोणचं आहे. मुरायचं आहे अजून." दर आठवड्याला बाजारातून ते नवी खबर आणत आणि सांगताना त्यांचा चेहरा असा उजळत असे, की मीनल लगेच स्कूटीची किल्ली शोधू लागे.

मीनलची आई, रुख्मिणीबाई, कधी आल्या नाहीत. "मले नाही खाच्चे ते गांडुळं," म्हणत. आपल्यापुरतं जेवून त्या दुपारी आडव्या होत. दोघं परतले की भगवंतराव आधी स्वयंपाकघरात पाणी प्यायला जात. तोवर मीनल अंगणात स्कूटी पुसत राही. ते बाहेर येऊन बाजेवर पडले, की मग ती पाणी प्यायला आत जाई.

त्या रविवारीही तसंच झालं. फक्त जिना उतरताना ते मध्येच थांबले, कठड्याला धरून.

"पुढच्या रविवारी बेल्लमपल्लीले जाऊ," ते म्हणाले. "तिकडं एक मोठं हॉटेल निघालं म्हणते. बसनं जाऊ, गप्पा मारत."

सोमवारी सकाळी दुकानाचं शटर अर्ध्यापर्यंत वर गेलं आणि तिथंच राहिलं.

दहाव्याला सगळे पैनगंगेच्या काठी जमले. पत्रावळीवर पिंड ठेवला. शेजारी मीनलने डबा उघडून नूडल्स आणि काळ्या पानातला भात वाढला. भटजींनी वाकून डब्यात पाहिलं.

कावळा आला. बाभळीवर बसला आणि बसूनच राहिला.

"दादा, दुकान मी चालू ठेवतो," धाकटे भाऊ सुधाकरराव हात जोडून म्हणाले.

कावळा हलला नाही.

"वहिनीले काही कमी पडू देणार नाही."

कावळ्याने फांदीला चोच पुसली.

"मीनलचं लग्न..."

"काका," मीनल म्हणाली.

"बरं, ते राहू दे, दादा."

ऊन चढत गेलं. "त्यांच्या आवडीचंच आणलं ना सारं?" भटजींनी विचारलं.

"दर रविवारी खात होते तेच आणलं," मीनल म्हणाली. "याच्यापेक्षा जास्त त्यांना काहीच आवडत नव्हतं."

रुख्मिणीबाई पुढे झाल्या. पदराआडून त्यांनी फडक्यात बांधलेली भाकर काढली, तिच्यावर ठेचा. ती पत्रावळीवर ठेवली.

"आवडत नव्हतं त्याईले," त्या म्हणाल्या.

"काय, आई?"

"हेच. गांडुळं, काळा भात, सारं. घशाखाली उतरत नव्हतं त्याईच्या. पण पोरीले आवडते म्हणत. तेवढंच तिच्यासंग बसाले भेटते म्हणत. तिले सांगशील नको, अशी शपथ घातली होती मले."

मीनलने डब्याला झाकण लावलं.

"मी दर रविवारी टोपलीत दोन भाकरी झाकून ठेवत होती. घरी आले का उभ्या उभ्याच खात. अन् विचारलं तर म्हणत, एकच खाल्ली." डोळे पुसता पुसता रुख्मिणीबाईंना हसू आलं. "लबाड माणूस! टोपली पाहिली का दोन्ही संपलेल्या."

कावळा बाभळीवरून उतरून दगडावर आला. भाकरीकडे पाहिलं. जवळ आला नाही.

"अजून कोणाचं काही सांगायचं राहिलं असेल तर सांगा," भटजी म्हणाले.

सगळे मीनलकडे पाहू लागले. त्यांच्या घरात मनातलं मोठ्याने बोलायची रीत नव्हती. तिने चपला काढल्या, चार पावलं पुढे गेली आणि हात जोडले.

"बाबा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दुसरी भाकर मी खात होती."