खाली कोण ऐकतंय

अर्धं संपलेलं सेवचं पाकीट. टॉवेलात गुंडाळून ठेवलेलं कानाचं यंत्र. सुदामा नगरच्या घराची किल्ली, इथेही बाबांच्या पिशवीत. मागे नुसतं वाळवंट, पुढे तांबडा समुद्र.

होडीवर बाबा, म्हणजे पांडुरंग जोगळे, पाणबुड्याचा काळा पोशाख चढवून बसले होते आणि त्यांची लेक यामिनी ऐनवेळी अडून बसली होती.

"बाबा, रहने दो ना. तुम्हाला ऐकू येत नाही. खाली हे सर काय सांगतील ते कळणार कसं?"

बाबांनी तिचे ओठ वाचले. "खाली तुला तरी काय ऐकू येणार आहे?"

डायव्हिंग शिकवणाऱ्या इजिप्तच्या त्या सरांनी पाण्याखालच्या खुणा शिकवल्या: थांबा, कान दुखतोय, वर चला. मग यामिनीला खुणेनेच विचारलं, सगळं ठीक? तिने अंगठा वर केला.

"वर चला म्हणालीस तू," बाबा हसले आणि अंगठा-तर्जनीचं कडं करून 'ठीक'ची खूण दाखवली. पाण्यात उतरायला सरांनी आधी त्यांचंच नाव पुकारलं.

पाण्याखाली सर एक खूण करायचे, तर बाबा पाच. तो मासा बघा. लेक घाबरलीय. जरा थांबा. आता बरी आहे. चला. सरांना सगळं कळत होतं.

वर आल्यावर सरांनी विचारलं, हे आधी कुठे शिकलात? यामिनीने प्रश्न बाबांना समजावला.

"कापडमिलच्या साचेखात्यात. तेवीस वर्षं. मागांच्या खडखडाटात तिथेही कुणाला काही ऐकू यायचं नाही."

मिल बंद झाली त्या दुपारी साचे थांबून तास उलटला होता, तरी खात्यातली माणसं एकमेकांशी हातांनीच बोलत होती.