सासऱ्यांची लेन्स

बाळ झोपलं तशी ऋजुतानं आपल्या नव्या डिजिटल कॅमेऱ्याला जोडणीचा अडॅप्टर लावला आणि त्यावर गेल्या वर्षी वारलेल्या सासऱ्यांची जुनी लेन्स चढवली. काचेला किंचित बुरशी धरलेली. त्यामुळे गॅलरीतलं दुपारचं ऊन सायीसारखं मऊ दिसू लागलं. त्या उजेडात सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या.

"आई, जरा इकडे बघा ना."

"नको गं बाई! त्या लेन्सनं फोटो म्हणजे शिक्षाच. मान अवघडेपर्यंत हे आपले फोकस करताहेत. गॅसवर दूध उतू जातंय, तरी यांचं 'थांब, हलू नकोस.' मी मेली सारखी खेकसायची, उरका एकदाचं म्हणून!"

ऋजुतानं लेन्सची रिंग जराशी फिरवली. धूसर चेहरा स्वच्छ झाला, नाकातली चमकी लखलखली, आणि तिनं बटण दाबलं.

"झाला? एवढ्यात?"

"फोकसला असा कितीसा वेळ लागतो, आई!"

लसणाची पाकळी सासूबाईंच्या बोटांत तशीच राहिली. त्यांची नजर लेन्सवर गेली. मग त्यांनी हात पुसले, पदर सारखा केला, कपाळावरची बट कानामागे सारली.

"अजून एक काढ," त्या हळूच म्हणाल्या, "पण सावकाश."