मागचं फिटिंग

“यंत्रातला पडदा चौथ्यांदा वाळला!” किरीटभाई शेठ म्हणाले. “चूक एक तर तुझी, नाहीतर आमच्या उज्ज्वलाबेनची. आज लिहून दे. तुझी असेल तर तुझ्या साहेबांना फोन करतो, तिची असेल तर उद्यापासून तिची सुट्टी.”

गोपाल मान डोलावून लॅबमध्ये गेला. लिंबायतच्या रंगाई मिलांचं सांडपाणी इथे तपासायला येई. पाण्यातले क्षार मोजणाऱ्या यंत्रात सप्रेसर नावाचा तळहाताएवढा डबा असतो. त्यातला पडदा ओला असेल तोवरच आकडे खरे. तो वाळला की यंत्राच्या कंपनीकडून, वडोदऱ्याहून, दुरुस्तीला गोपालला बोलावणं.

आणि चूक कुणाची, हे गोपालला पक्कं ठाऊक होतं. दर वेळी निघताना मागच्या नळीचं फिटिंग तो पाव आटा सैल ठेवून जायचा. यंत्र बंद असलं की तिथून हवा शिरे. चाळिशीला आलेल्या माणसाने असले उद्योग करावेत? पण करायचा! उज्ज्वलाचं खानदेशी बोलणं कानावर पडलं की एरंडोलचं घर आठवायचं, आणि मग वडोदऱ्याच्या खोलीत जीव म्हणून रमायचा नाही. त्याच्या अंदाजाने पडदा वाळायला दोन महिने तरी लागायला हवेत. वाळायचा मात्र पंधरा दिवसांत. देव आपल्या बाजूने आहे, अशी त्याने समजूत करून घेतली होती.

“तुमले चहा आनू का?” उज्ज्वलाने विचारलं. तिचे डोळे सुजलेले होते.

“आधी काम. आज सगळं तू करायचं. चष्मा लाव.”

तिने सिरिंजने शुद्ध पाणी हळूहळू आत सोडलं. पडदा फुगायला वीस मिनिटं लागतात. ही वीस मिनिटं संपूच नयेत, असं त्याला वाटलं. मग तिने चारही नळ्या जोडल्या.

“आधी पंप, मग करंट,” ती स्वतःच म्हणाली. “बंद करताना आधी करंट, मग पंप. पाणी वाहत नसताना करंट दिला तर पडदा जळतो.”

मागच्या तिन्ही वेळी अडखळणारी उज्ज्वला आज एकदाही अडखळली नाही.

गोपालने चारही फिटिंग तपासली आणि मागचं घट्ट आवळलं. नवागामच्या एका खोलीत हिची आजारी आई आहे, हिच्याच पगारावर चूल पेटते. आपल्याला ओढ लागली म्हणून दुसऱ्याच्या चुलीत पाणी ओतायचं? छे! पण आवळून झाल्यावरही बोटं फिटिंगवरून लवकर निघेनात.

“परत कधी येशात?”

“यंत्र बिघडलं नाही तर कशाला येईन?”

“हां, ते बी खरंच,” ती म्हणाली आणि उगाच टेबल पुसत राहिली.

शेठच्या केबिनमध्ये जाऊन त्याने उभ्या उभ्याच लिहिलं, ‘चूक माझी. फिटिंग मी मुद्दाम सैल ठेवत होतो.’ नोकरी गेली तर गेली. कागद पुढे सरकवताना त्याला हलकं वाटलं.

किरीटभाईंनी तो दोनदा वाचला.

“अरे भाई, तुम्ही दोघं मिळून मला गांडो, अगदी वेडा समजता काय?”

त्यांनी ड्रॉवर उघडला आणि सकाळी आलेला, पण त्यांनी नुकताच उघडून वाचलेला एक राजीनामा त्याच्यासमोर टाकला. उज्ज्वलाच्या अक्षरात दोनच ओळी होत्या:

‘फिटिंग मीच सैल करत होते. गोपालसर परत यावेत म्हणून.’