अर्धी पोळी

संक्रांतीपासून निरंजनच्या बंद खोलीच्या दारावरचा दिवा लाल होता. आज त्याच्या आईच्या दारावरचा पिवळा झाला.

तपासायला आलेल्या नर्सबाई उंबऱ्याजवळच खुर्ची ओढून टेकल्या. हे आजचं कितवं घर, त्यांनाही आठवत नव्हतं.

"जंतू तुमच्यापर्यंत पोचलेत, प्रभाताई. रक्तात अजून नाहीत, म्हणून दिवा पिवळाच आहे. पण एकदा शिरले की संपलं, औषधं आता कशालाच लागू पडत नाहीत. मुलाचे कपडे उकळता ना?"

"उकळते."

"भांडी वेगळी?"

"वेगळीच." प्रभाताई ओट्याकडे बघत राहिल्या. "ताटात अर्धी पोळी उरते हो त्याची. टाकवत नाही. घासायच्या आधी मी खाऊन टाकते."

नर्सबाई रागावल्या नाहीत. असं सांगणारी ही पहिली आई नव्हती.

खोलीच्या काचेआडून निरंजन सगळं ऐकत होता.

संध्याकाळी झडपेतून त्याचं ताट आत सरकलं. तोंडाला चव नव्हती, घास गिळवत नव्हता. तरी पाण्याच्या घोटाबरोबर त्याने पोळीचा शेवटचा तुकडा उतरवला, बोटाने आमटी पुसून खाल्ली, आणि रिकामं ताट आईला दिसेल असं काचेला टेकवून ठेवलं.