कानाचं काम

साल एकोणीसशे एकोणऐंशी, मार्चमधला एक रविवार. द्वारका चौकाच्या मागच्या कॉलनीत सकाळी दहाच्या सुमारास पांढरी अँबॅसडर शिरली आणि लताबाईंच्या दारात थांबली. लताबाईंच्या मनात पहिलं आलं ते हे, की पलीकडे नळावर कुसाबाई उभी आहे आणि ती सगळं बघते आहे.

गाडीतून आधी सांस्कृतिक समितीचा कारकून उतरला, मग फुलाफुलांचा पायघोळ सदरा घातलेला एक उंच माणूस. त्या आठवड्यात शहरातल्या हॉलमध्ये खेळ करायला घानाहून गाण्याबजावण्याची मंडळी आली होती. त्यांच्याकडे गिटार होती, विजेवरची पेटी होती आणि त्यांच्या गावाकडचे लाकडी ढोल होते. हा त्यांच्यातला ढोलवाला, क्वेकू. त्याने कमरेइतका उंच ढोल लेकरासारखा कवेत घेतला आणि ओट्यावर आणून ठेवला.

"सावळीराम इथेच राहतात ना?" कारकून म्हणाला. "ढोलाचं कातडं ताणून द्यायचंय. तुमच्या लोकांचा हात बसलेला असतो त्यात."

लताबाई दार अडवून उभ्या राहिल्या. सावळीराम त्यांचे सासरे. छप्पन्न साली दीक्षा घेऊन ते गावी परतले, त्याच दिवशी त्यांनी हलगी ओढ्यात सोडून दिली. पुन्हा कातड्याला हात लावणार नाही, असं चारचौघांत बोलले आणि तेवीस वर्षं पाळलं. कॉलनीतल्या निम्म्या घरांत कधीकाळी हलगी होती. पण ते कोणी बोलत नव्हतं.

"कोणी दिला आमचा पत्ता?"

"हॉलच्या वॉचमनने. म्हातारबाबा तीन दिवस खिडकीशी उभे असतात म्हणाला."

लताबाईंनी मागे वळून बघितलं. तीन दिवस सासरे रोज दुपारी 'विहारात जाऊन येतो' म्हणून बाहेर पडत होते.

"मामा?"

सावळीराम भिंतीकडे बघत होते. "नुसता ऐकत व्हतो, लता."

"हात लावला?"

"नाय."

"माझ्याकडे बघून सांगा."

"नाय लावला. हा गडी रिकाम्या हॉलात ढोलाचा सूर उतरवून ठेवत व्हता. म्हणलं, लेका, नको उतरवू, माणसं भरली का त्यांच्या वाफंनं तो आपोआप उतरतो. त्याला काय कळलं नाय."

एवढ्यात पुंजाराम, लताबाईंचे यजमान, अर्ध्या गालावर साबण तसाच घेऊन बाहेर आले. ओझरच्या कारखान्यात ते फिटर होते, त्यामुळे घरात इंग्रजी त्यांनाच यायचं. क्वेकू त्यांच्याशी भराभरा बोलला. मधेच त्याने सावळीरामांकडे बोट केलं आणि मोठ्याने हसला.

"काल हॉल भरला आणि ढोल बसला म्हणतो," पुंजाराम म्हणाले. "पेटीशी सूर जुळेना, नाचणाऱ्यांचे पाय चुकायला लागले. तेव्हा त्याला आठवलं, खिडकीतून एक म्हातारा हातवारे करत होता. आज शेवटचा खेळ आहे. आजही बसला तर गेलीच इज्जत."

"म्हणून आता यांच्याकडून ताणून घ्यायचा," लताबाई म्हणाल्या. "अहो, सांगा त्याला, ते काम या घरात होत नाही."

पुंजारामांनी सांगितलं. क्वेकू दचकला. त्याने दोन्ही तळवे ढोलावर पालथे ठेवले आणि जोरजोरात मान हलवली.

"तो म्हणतो, हा त्याच्या बापाचा ढोल. दुसऱ्याचा हात लागलेला त्यालाच चालत नाही. ताणणार तोच." पुंजारामांनी गालावरचा साबण पुसला. "हात नको, कान पाहिजे, म्हणतो."

कारकुनाने रुमाल काढून मान पुसली.

लताबाईंना ते पटलं नाही. पण त्या दारातून बाजूला झाल्या. त्यांनी सासऱ्यांसाठी स्टूल आणलं, ढोलापासून चांगलं दोन हात लांब ठेवलं आणि स्वतः मध्ये उभ्या राहिल्या.

सावळीराम दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले. क्वेकू दगडाने ढोलाच्या खुंट्या ठोके, एकदा थाप मारी आणि म्हाताऱ्याकडे बघे.

"नाय. अजून."

क्वेकूने पुन्हा ठोकलं.

"अजून. गर्दीत लई उतरंल रे हा."

या वेळी थाप कॉलनीच्या टोकापर्यंत गेली. कुसाबाईची बादली भरून वाहत होती, तिचं लक्ष नव्हतं.

"बास! आता ऱ्हाऊ दे. पेटीवाल्याला सांग, पहिलं गाणं चढं लागंल. दुसऱ्यापासून बराबर येईल."

पुंजाराम गडबडले. मग कारखान्यातल्या इंग्रजीत म्हणाले, "फर्स्ट साँग टाइट. सेकंड साँग ओके."

लताबाईंची नजर सासऱ्यांवरून हलली नव्हती. हात मांड्यांखालीच होते. खांदे मात्र थापेबरोबर हलत होते, आणि खांद्यांबद्दल काय म्हणावं हे त्यांना सुचेना.

संध्याकाळी हॉलात त्यांच्यासाठी ठेवलेली पहिल्या रांगेतली खुर्ची सोडून सावळीराम खिडकीशीच उभे राहिले. दुसऱ्या गाण्याला ढोल सुरात आला आणि माणसं खुर्च्यांवरून उठली.

ती मंडळी दुसऱ्या दिवशी मुंबईला गेली आणि तिथून आपल्या देशी. कारकुनाची धुळ्याला बदली झाली, तो तिथेच निवृत्त झाला. कुसाबाई लेकीकडे मनमाडला राहायला गेली. जाईपर्यंत विचारत होती, "कसला ढोल होता गं तो?" लताबाई म्हणायच्या, "पाहुण्यांचा." पुंजाराम चौऱ्याऐंशी साली फोरमन झाले.

सावळीराम शहाऐंशीच्या हिवाळ्यात गेले. विहारात शोकसभा झाली. चिटणीस बाबांची माहिती लिहून घ्यायला वही उघडून बसले आणि त्यांनी विचारलं, "गावाकडे काय करायचे बाबा?"

"शेतमजुरी," पुंजाराम खाली बघत म्हणाले.

बायकांच्या रांगेतून लताबाई उठल्या.

"हलगी वाजवायचे," त्या म्हणाल्या. "आणि सोडली. दोन्ही लिहा."