जुना डाग

लिओनार्डचं भिंग वहीच्या पहिल्याच पानावर थांबलं.

वही सोळाशे ब्याण्णव सालातली. अमेरिकेत नव्याने वस्ती करायला गेलेल्या इंग्रजांमधल्या एका पाद्र्याने लिहिलेली. कोण जन्मलं, कोण थंडीने गेलं, कुणाची गाय हरवली, सगळं तिच्यात. लिओनार्ड ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा गावचा गुरांचा डॉक्टर, आता ब्याऐंशीचा. चाळीस वर्षं त्याने असलीच कागदपत्रं जमवली. ती युनिच्या, म्हणजे तिथल्या विद्यापीठाच्या, लायब्ररीला द्यायची, तर आधी यादी हवी. त्यासाठी लायब्ररीतला प्रल्हाद दर शनिवारी गाडी काढून त्याच्याकडे यायचा.

मागच्या शनिवारी लिओनार्डने ही वही त्याला चक्क घरी नेऊ दिली. आणि त्याच आठवड्यात दसरा. प्रल्हादच्या बायकोने, चित्राने, पाटावर मुलीची पुस्तकं मांडली, लॅपटॉप मांडला. सव्वातीनशे वर्षांची वही घरात असताना ती पूजेला नाही, हे काही नवऱ्याला बरं वाटेना. बरं, ठेवली तर ठेवली, लांबून नमस्कार करावा की नाही! पण शाळेपासूनची सवय. पुस्तक उघडायचं, पहिल्या पानावर कुंकवाचं बोट टेकवायचं. ओलं बोट टेकलं आणि मग साहेबांना शुद्ध आली.

पुसायला गेला तर आणखी पसरलं. आणि हा माणूस युनिच्या पोरांना जुने कागद कसे हाताळावेत ते शिकवतो! चित्रा म्हणाली, सरळ सांगून मोकळा हो. पण सांगितलं तर लायब्ररीत कळणार, परत कोण हातात काही देणार? त्याने यादीत लिहिलं, ‘पहिल्या पानावर तांबडा डाग, जुना.’ तो शब्द लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नव्हता, याचीच त्याला आता जास्त लाज वाटत होती.

लिओनार्डने यादीतली ओळ वाचली. पुन्हा डाग पाहिला.

“हा जुना नाही,” तो म्हणाला.

“नाही,” प्रल्हाद कसाबसा म्हणाला.

“म्हणजे मेरिल म्हणते ते खरं आहे.”

मेरिल त्याची मुलगी. डॅडचे हात थरथरतात, टोस्ट खाता खाता पुस्तकं चाळतात, ही तिची नेहमीची तक्रार. तो ती दर वेळी हसण्यावारी न्यायचा. आज हसला नाही.

“जॅम असणार, वही तुला देण्याआधी माझ्याच हातून पडलेला,” तो म्हणाला. “आणि मला सांभाळून घ्यायला तू ‘जुना’ लिहिलंस. थँक्स, मेट.”

प्रल्हादने तोंड उघडलं. सगळं ओठांवर आलं होतं. लिओनार्ड त्याच्याकडे इतक्या मायेने बघत होता की त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने तोंड मिटलं.

लिओनार्डने भिंग बाजूला ठेवलं. दोन्ही हात टेबलावरून काढून मांडीवर घेतले.

“यापुढे पानं तू उलट,” तो म्हणाला. “मी नुसतं बघेन.”

प्रल्हादने पान उलटलं.